रांगत्या बाळांची गोष्ट आणि साबुदाण्याची परात

वाचनालयात सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी गोष्ट आणि खेळ ठेवायचा असेल, तर दिव्यांग मुलांसाठी वेगळा वार काढू नका. एकाच सतरंजीवर सगळी मावतात, मांडणी तेवढी विचारपूर्वक हवी. एका वेळी आठ मुलं, प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस. त्याहून जास्त झाली की गलका वाढतो आणि आवाजाने बिथरणारं मूल सगळ्यात आधी रडायला लागतं. त्याच्यासाठी कपाटाआड एक गोधडी अंथरून ठेवा, आणि ‘मधेच उठून तिकडे गेलात तरी चालेल’ हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा. आज्यांसाठी दोन खुर्च्याही हव्यातच.

सांगणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून बसू नये. मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो, आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलाला ओठ दिसत नाहीत. माईक नकोच.

गोष्ट दहा मिनिटांची. पावसाची घेतली तर पानागणिक एक वस्तू ठेवा: चाळणीतून गळणारं पाणी, ओला रुमाल, ताटलीवर बोटांची टपटप. दृष्टी नसलेल्या मुलाचा हात धरून वस्तूवर टेकवू नका, तो दचकून हात आखडतो. आपला हात वस्तूवर ठेवा, त्याचा आपल्या हातावर येऊ द्या. मग हळूच आपली बोटं काढून घ्या. हीच गोष्ट चार आठवडे सांगा. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना नाही.

खेळाला साबुदाणा उत्तम. दोन वाट्या साबुदाणा भरपूर उकळत्या पाण्यात ढवळत शिजवा. दाणा आतपर्यंत पारदर्शक झाला की चाळणीत ओतून थंड पाण्याने दोनदा धुवा. धुतला नाही तर त्याचा चिकट गोळा होतो. नुसता भिजवलेला नको, शिजवलेलाच घ्या. रंगाला बिटाचं पाणी घ्या, हळदीचे डाग कपड्यांवरून सहज निघत नाहीत. उरलेला त्याच दिवशी टाकून द्या.

पाण्यात फुगणारे रंगीत मणी मात्र कधीही आणू नका. गिळले तर ते आतड्यात फुगून अडकतात. कच्चे तांदूळ आणि डाळी नाका-कानात जातात. मिठाची कणीकही नको. या वयात सगळं तोंडात जातं आणि एवढं मीठ बाळाला सोसत नाही.

परात एक जमिनीवर, एक पाटावर, एक अशा टेबलावर की व्हीलचेअर खाली सरकेल. मान न धरणाऱ्या बाळाला आईच्या मांडीवर टेकवून बसवा, आणि त्याच्या कोपराच्या उंचीवर ताटली धरा. ओलं-चिकट नको वाटणाऱ्या मुलाला तोच साबुदाणा झिपच्या पिशवीत भरून, पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी लावून द्या. त्याने थेट बोट लावावं अशी घाई करू नका. पाण्याची परात असेल तर पाणी दोन बोटंच, आणि मोठ्याचा हात कायम पोचेल एवढ्या अंतरावर. त्याआधी श्रवणयंत्र घरच्या माणसाने काढून कोरड्या डबीत ठेवावं. हे गोष्ट संपल्यावर, आधी नाही.