फेसलिफ्ट ठरवताना मी मानेपासून सुरुवात केली

फेसलिफ्ट, म्हणजे ओघळलेला चेहरा वर घेण्याची शस्त्रक्रिया, करायची हे माझं ठरलं होतं. प्रश्न होता कुठली. मैत्रिणी एकसुरात 'मिनी लिफ्ट' म्हणत होत्या. छेद छोटा, सूज लवकर उतरते. पण मला खुपत होती ती मान. बोलताना हनुवटीखाली दोन उभ्या दोऱ्या ताणल्यासारख्या दिसतात, त्या.

ज्या सर्जनबाईंवर माझा विश्वास बसला, त्यांनी आधी मला दात घट्ट आवळायला लावले आणि हातात आरसा दिला. त्या दोऱ्या म्हणजे प्लॅटिस्मा या पातळ स्नायूच्या कडा. मिनी लिफ्टचं काम मुख्यतः कानासमोरून चालतं. जबड्याच्या कडेवर थोडासा ओघळलेला गाल त्याने सावरतो, मानेच्या मधल्या भागाला मात्र फारसा फरक पडत नाही. तिथे हनुवटीखाली वेगळा छेद घेऊन त्या कडा एकमेकींना शिवाव्या लागतात. हे कळल्यावर मिनी लिफ्टचा विचार मी सोडला.

नुसती त्वचा ओढून घेणंही मला नको होतं. त्वचा पुन्हा सैल पडते, सगळा ताण टाक्यांवर येतो, व्रण रुंदावतात, कानाची पाळी खाली खेचली जाते. त्वचेखाली 'स्मास' नावाचा थर असतो. मिट्झ आणि पेरोनी यांनी 1976 मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि भार त्वचेऐवजी त्या थरावर टाकण्याला पक्का आधार मिळाला. काही सर्जन तो दुमडून टाके घालतात, काही त्याची पट्टी काढून कडा जोडतात. 'डीप प्लेन' नावाच्या पद्धतीत त्या थराखाली शिरून, त्याला धरून ठेवणारे बंध सोडवून, त्वचा आणि स्मास एकत्रच वर घेतात. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल असेल तर ते विशेष उपयोगी, असं अनेक सर्जन मानतात. पण चेहऱ्याची हालचाल चालवणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्या तिथून जवळच असतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय, तीच घ्यावी. मी प्रत्येकाकडे माझ्यासारख्याच मानेचे, वर्षभरानंतरचे फोटो मागितले.

डोळ्यांखालच्या सुरकुत्या आणि उन्हाचे डाग यातल्या कशानेच जात नाहीत, हेही बाईंनी न विचारता सांगितलं. मला ते फार आवडलं.

माझ्यासाठी स्मासला टाके आणि सोबत मानेची शस्त्रक्रिया ठरली आहे. त्वचेखाली रक्त साठणं हा यातला नेहमीचा धोका, आणि वाढलेल्या रक्तदाबाने तो बळावतो. माझा दाब आटोक्यात आल्याशिवाय बाई तारीख देणार नाहीत.