दहा दिवसांचं गणित

माझी मुलगी कंपालाला असते, युगांडाची राजधानी. गेल्या वर्षी तिचे दिवस भरत आले होते, फेब्रुवारीच्या 25 तारखेच्या आसपासची तारीख दिली होती. बाळंतपणाला मी आणि हे, दोघांनी जायचं ठरलं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा यांची यादी नोव्हेंबरपासून तयार होती. लसीचं मात्र जानेवारीच्या 20 तारखेपर्यंत कुणाच्याच डोक्यात नीट शिरलं नव्हतं. मुलीने फोनवर दोनदा सांगितलं होतं, ‘आई, तिकिटाआधी पिवळ्या तापाच्या, यलो फीव्हरच्या, लसीचं बघ.’ पण तालुक्याच्या गावी ज्यांनी तिकिटं काढून दिली ते म्हणाले, लस काय, कुठेही मिळते, शेवटच्या आठवड्यात घ्या. आम्ही विश्वास ठेवला. तिकीट 4 फेब्रुवारीचं होतं.

व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरायला बसलो तेव्हा कळलं की अर्जालाच पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणजे आधी लस, मग व्हिसा, मग तिकीट. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही लस आपल्या गावच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच ती देतात, आणि तिथलं कार्डच विमानतळावर चालतं. मुंबईत अशी केंद्रं आहेत. पण आम्ही वेंगुर्ल्याचे. मुंबई आम्हाला रात्रभराचा प्रवास, आणि मुरगाव बंदर मात्र सकाळी निघून दुपारी परत येण्यासारखं. तिथे सड्यावर पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनचं, म्हणजे बंदरावरच्या सरकारी आरोग्य खात्याचं, कार्यालय आहे. बंदर आहे तिथे बोटी आल्या, बोटींवर जाणारी माणसं आली, त्यामुळे ही लस तिथे असायचीच. कोकणातल्या कितीतरी घरांतली मुलं बोटीवर जातात, त्यांना हे सगळं पाठ असतं. आम्हाला मात्र शेजारच्या काकींनी विचारलं, ‘येवढ्या एका सुयेक गोव्याक कित्याक जातंस?’

आणि लगेच पुढचा प्रश्न, ‘म्हणजे ती माकडतापाचीच सुई मां?’

हा गोंधळ आमच्या भागात साहजिक आहे. 2016 साली दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला, तेव्हापासून ‘ताप’ आणि ‘माकड’ हे शब्द एकत्र आले की लोक घाबरतात. त्यात पिवळा तापही आफ्रिकेच्या जंगलात माकडांमध्ये असतो. दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत, डेंगीचाही त्याच कुळातला. पण माकडताप गोचिडीमुळे होतो आणि पिवळा ताप डासामुळे. मी 32 वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे काकींना ओटीवर बसवून हे सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. पिवळ्या तापाचा शहरातला डास म्हणजे एडिस इजिप्ती, आपल्याकडे डेंगी पसरवणारा तोच. करवंटीत, टायरात, फुलदाणीच्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा. आपल्या देशात हा डास गल्लोगल्ली आहे, पण पिवळ्या तापाचा विषाणू नाही. तो एकदा आत आला तर डासाला फक्त एका आजारी माणसाला चावायचं काम उरेल. म्हणून तर आपलं सरकार इतकं कडक आहे. पिवळा ताप असलेल्या देशांतून प्रमाणपत्राशिवाय परत आलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. सहाच का, तर विषाणू अंगात गेल्यावर साधारण 3 ते 6 दिवसांत ताप दिसतो. हे कळल्यावर मला तो नियम जाचक वाटेनासा झाला.

केंद्रावर फोन केला. लस ठरलेल्या वारीच देतात, नाव आधी नोंदवावं लागतं. त्याचं कारण मी तिथे गेल्यावर समजून घेतलं. लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते, एका कुपीत अनेक डोस. द्रावणात मिसळली की सहा तासांत वापरायची, नाहीतर टाकून द्यायची. एका माणसासाठी कुपी फोडली तर बाकीचे डोस वाया जातात, म्हणून माणसं एका दिवशी जमवतात. आम्हाला 28 जानेवारी मिळाली.

आता गणित. या लसीचं प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं, कारण शरीराला तयारी करायला तेवढा वेळ लागतो. 28 जानेवारीला टोचलं तर 7 फेब्रुवारी. आमचं तिकीट 4 चं! तीन दिवसांनी चुकत होतं, आणि तीन दिवस म्हणजे विमानतळावरून परत. शिवाय व्हिसाला वेळ हवाच. तिकीट 14 तारखेवर ढकललं, बदलाचे पैसे भरले. ते पैसे मला अजून डाचतात, खरं सांगते, कारण एका फोनने ते वाचले असते.

28 ला पहाटे निघालो. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा. झुआरीच्या नव्या पुलावर ऊन वर आलं. केंद्रावर आमच्या आधी सात-आठ तरुण मुलं बसली होती, देवगड, गुहागरकडची, बोटीवर पहिल्यांदाच निघालेली. त्यातला एक मुलगा मला म्हणाला, ‘मावशी, पासपोर्ट मूळचाच आणलात ना? झेरॉक्सवर नाही लिहून देत.’ आणला होता. त्याने आणखी एक सांगितलं ते फार उपयोगी पडलं, कार्डावरचं नाव पासपोर्टावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, खिडकीतून हलायच्या आधी. माझ्या पासपोर्टावर माझं नाव, मग ह्यांचं, मग आडनाव असं आहे. मी अर्जावर सवयीने फक्त नाव-आडनाव लिहिलं होतं. तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं.

लस देण्याआधी डॉक्टरांनी बरंच विचारलं. अंडं चालतं का, हा पहिला प्रश्न. तो आपल्या सोवळ्याओवळ्याचा नसतो. ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात, अंड्याची जबर ॲलर्जी असेल तर ती चालत नाही. 1930 च्या दशकात मॅक्स थायलर यांनी हा विषाणू दुबळा करून 17डी नावाचा वाण तयार केला, आजही जगभर तोच वापरतात. त्यांना 1951 साली नोबेल मिळालं. लसीतला विषाणू जिवंत असतो, फक्त दुबळा. त्यामुळे ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खालावलेली आहे त्याच्या अंगात तो दुबळा विषाणूही डोईजड होऊ शकतो. साठीच्या पुढच्या माणसांबाबतही जपून निर्णय घेतात, कारण त्या वयात गंभीर दुष्परिणामांची शक्यता, मुळात अगदी थोडी असली तरी, वाढते.

माझं वय 58. यांचं 66, आणि यांना आमवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेतात, प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी.

हे मला येताना गाडीतच म्हणाले होते, ‘ती गोळी आठवड्यातसून एकदाच घेतंय मी, ती कशाक सांगूची? ब्लडप्रेशरची तेवढी सांगूया.’ मी तेव्हा काही बोलले नाही. डॉक्टरांनी विचारलं, कोणती औषधं चालू आहेत, तेव्हा यांनी खरोखर ब्लडप्रेशरचंच नाव घेतलं. मी पिशवीतून दुसरी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. यांनी माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. पण नातवंड बघायला जायचं म्हणून यांचा जीव पणाला लावायची माझी तयारी नव्हती.

डॉक्टरांनी लस नाकारली. शांतपणे समजावलं. गोळी आज बंद करून उद्या लस घेता येत नाही, आणि मुळात गोळी बंद करायची की नाही हे आमवाताच्या डॉक्टरांनी ठरवायचं. वैद्यकीय कारणाने सूट देणारं पत्र मिळू शकतं, पण ते मानायचं की नाही हे समोरच्या देशाच्या हातात. परतताना इकडेही अडचण येऊ शकते. आणि यातलं काही झालं नाही तरी माणूस त्या देशात लसीशिवाय, डासांत राहणार, हे उरतंच. यांनी ‘बरं’ म्हटलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

मला दंडात टोचलं, अर्धा मिली. अर्धा तास बसवून ठेवलं, मग कार्ड दिलं. लसीचा बॅच नंबर, सही, शिक्का, कधीपासून वैध त्याची तारीख, सगळं तपासलं. पूर्वी हे कार्ड दहा वर्षं चालायचं, 11 जुलै 2016 पासून आयुष्यभर चालतं, त्याआधी घेतलेलं कार्डसुद्धा. बोटीवरच्या एका मुलाच्या काकांचं जुनं कार्ड ‘संपलं’ म्हणून ते परत लस घ्यायला निघाले होते, त्याला हे सांगितल्यावर त्याने तिथूनच फोन लावला.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. म्हापशाला चहाला थांबलो तेव्हा हे म्हणाले, ‘तू गेलंस म्हणजे झाला.’

त्याच दरम्यान एका ओळखीच्यांनी सुचवलं की टोचून न घेता नुसतं कार्ड ‘करून’ देणारे आहेत, यांच्यासाठी तसं करा. मला त्या बोलण्याचा राग आला आणि अजून येतो. खोटं कार्ड विमानतळावरच्या माणसाला फसवेल. डासाला नाही. आणि तो ताप घेऊन कुणी वेंगुर्ल्याला उतरला तर मागीलदारी करवंट्या कुणाच्या आहेत?

बाकीच्या लसी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिल्या. टायफॉइडची एक, हिपॅटायटिस ए ची, आणि धनुर्वाताची राहिली होती ती. त्यांचं फारसं सांगण्यासारखं नाही, दंड दुखला इतकंच. पिवळ्या तापाच्या लसीनंतर मात्र पाचव्या दिवशी माझं अंग कसकसलं, डोकं दुखलं, दोन दिवसांत उतरलं.

मलेरियाकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण आपल्याला वाटतं मलेरिया आपल्या ओळखीचा आहे. युगांडातला बहुतेक फाल्सिपॅरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा. प्रवाशाला त्यावर गोळ्यांचाच आधार. मला डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली. निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक, आणि परत आल्यावरही चार आठवडे. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर घसा-छाती जळते. एकदा मी दुपारी घेऊन पाठ टेकली, परत नाही टेकली. परतल्यानंतरचे चार आठवडे सगळ्यात अवघड, घरी आल्यावर गोळी आठवत नाही. ह्यांनी माझ्यासाठी कॅलेंडरवर रोज खूण करायला सुरुवात केली.

कंपालाजवळच्या एंटेबेच्या विमानतळावर उतरल्यावर पासपोर्टाच्या खिडकीआधीच कार्ड मागितलं. बाईंनी तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं, परत दिलं. दहा सेकंदं. मागच्या रांगेतल्या एका कुटुंबाला बाजूला घेतलं होतं, त्यांचं काय झालं कळलं नाही. नात 23 तारखेला झाली. यांनी तिला पहिल्यांदा फोनच्या पडद्यावर बघितलं, पडवीत बसून, शेजारच्या काकी खांद्यावरून डोकावत.

नोव्हेंबरमध्ये नात नऊ महिन्यांची झाली, तिथे बाळांना ही लस त्या वयापासून देतात. मुलीने आधी तिला लस टोचून घेतली, मग मोजले दहा दिवस, आणि मगच तिकीट काढलं. डिसेंबरात नात आली, स्वतःच्या पासपोर्टासह आणि स्वतःच्या कार्डासह. ह्यांनी चष्मा लावून तिचं कार्ड वाचलं, नाव, नंबर, वैध कधीपासून, आणि माझ्या कार्डाशेजारी कपाटात ठेवलं. ती यायच्या आधी दोन दिवस त्यांनी एकट्याने मागीलदारच्या सगळ्या करवंट्या उपड्या घातल्या होत्या.