तुम्ही विचारलेत म्हणून: तटावरचे फोटो

क्रोएशियातल्या दुब्रोवनिकहून परतल्यापासून एकच प्रश्न येतो: ‘तटबंदीवरचे फोटो कुठे आहेत?’ तटावर चढलोच नाही की काय, असाही काहींचा सूर असतो. चढलो होतो, 1,940 मीटरचा अख्खा फेरा पूर्ण केला होता. फोटोही आहेत. दाखवत नाही.

सोबत बाबा होते, वय 76, आणि त्यांच्या गुडघ्यांना ते जिने झेपणारे नव्हते. पिले दरवाज्याच्या आत ओनोफ्रिओचे 1438 सालचे, सोळा तोट्यांचे कारंजे आहे; त्याच्या पायरीवर त्यांना बसवून, ‘तासाभरात येतो’ असे सांगून मी वर गेलो. ‘जा,’ असे तेच म्हणाले होते, हे मी आजही पुढे करतो. परंतु ते कोणत्या स्वरात म्हणाले, हे मला तेव्हाही कळले होते.

तटावर एकाच दिशेने चालावे लागते, म्हणून वेळ लागला, असे मी घरी सांगितले. मध्येच उतरण्याची सोय आहे, हे मात्र गाळले. 1991-92 च्या वेढ्यात तोफांनी फुटलेल्या छपरांवरची नवी कौले जुन्यांपेक्षा लालभडक दिसतात. हे दोन रंग फोटोत नीट यावेत म्हणून मी मिंचेता बुरुजावर ऊन कलण्याची वाट पाहत राहिलो. उतरलो तेव्हा अडीच तास उलटले होते आणि पायरीवर बाबा नव्हते.

त्यांच्या फोनवर रोमिंग नव्हते. चार पैसे वाचवण्यासाठी मीच ते घेतले नव्हते. स्त्रादून या मुख्य पेठेच्या, पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या चुनखडीच्या फरशीवर घसरत, सावरत मी धावलो, आणि जिथे घोळका दिसेल तिथे कोणी म्हातारा माणूस पडला आहे का, हे डोकावून पाहत गेलो. शेवटी ते स्पोन्झा प्रासादात सापडले, युद्धात मारल्या गेलेल्या शहररक्षकांच्या स्मृतिकक्षात. एकेका तरुण चेहऱ्यापुढे थांबून ते बोटांवर काहीतरी मोजत होते. मला पाहून रागावले नाहीत. ‘पाणी आहे का रे?’ एवढेच विचारले. बाटली माझ्याच पिशवीत राहिली होती, आणि कारंज्याचे पाणी पिता येते, हे त्यांना सांगायचे मी विसरलो होतो.

तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो: एवढा खर्च करून गेल्यावर तट सोडायचा होता का? खाली बसून राहिलो असतो तर बाबांनाच अवघडल्यासारखे झाले असते, हेही खोटे नाही. अर्ध्यातून उतरता आले असते, असे मी म्हणतो. मिंचेता राहिला असता, असे तो म्हणतो.

सगळ्यात पहिला फोटो वर चढताच काढलेला आहे. त्यात स्त्रादून सरळ घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत गेलेली दिसते, आणि खाली कोपऱ्यात, कारंज्याच्या पायरीवर, एक पांढरी टोपी.