खोर्जुवे ते कवळे: एका दिवसात दोन किल्ले, चार देवळे

जानेवारीत कोल्हापूरहून मावशी आणि तिचा नातू आमच्याकडे म्हापशाला आले होते. देवळे मावशीला हवी होती आणि किल्ले नातवाला, आणि माझ्याकडे रिकामा दिवस एकच होता. नातवाने रात्री बसून अकरा ठिकाणांची यादी केली. तिच्यात उत्तर टोकाचे तेरेखोल होते, दक्षिणेचा काब द राम होता, शिवाय तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळही होते. फोनच्या पडद्यावर गोवा तळहाताएवढा दिसतो, त्यामुळे पाहुण्यांचा असा गैरसमज नेहमीच होतो. प्रत्यक्षात ती यादी तीन दिवसांची होती आणि त्यातला अर्धा वेळ गाडीतच गेला असता. मी सकाळी चहा घेताना तिच्यातली बहुतेक नावे खोडली आणि एकच सूत्र धरले, ते म्हणजे पोर्तुगीज अमलाची जुनी हद्द.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. यांनाच पुढे जुन्या काबिजादी म्हटले गेले. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे भाग त्यांच्या हाती अठराव्या शतकात आले. मधल्या काळात जुन्या काबिजादीतली देवळे पाडली गेली, तेव्हा महाजनांनी, म्हणजे देवळांच्या विश्वस्तांनी, मूर्ती आणि लिंगे उचलून नदीपलीकडे परक्या राज्यात नेली. म्हणूनच गोव्याची नावाजलेली देवळे फोंडा आणि डिचोलीच्या बाजूला दाटीने सापडतात, आणि त्यांच्या आसपासचे किल्लेही याच हद्दीवर ओढाताण करणारे आहेत. ही हद्द धरून गाडी हाकली की किल्ले आणि देवळे वेगवेगळी शोधावी लागत नाहीत. आमचा सगळा फेरा, परतीसह, शंभर-सव्वाशे किलोमीटरांत आटोपला.

म्हापशाहून पाऊणआठला निघालो. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, त्या दिवशी शहरातून बाहेर पडायलाच वेळ लागतो, म्हणून शक्यतो दुसरा वार निवडावा. हळदोण्यावरून तारांवर पेललेल्या पुलाने खोर्जुव्यात शिरलो आणि साडेआठला किल्ल्यापाशी पोहोचलो. गोव्याचे बहुतेक किल्ले समुद्राकडे किंवा नदीच्या मुखाकडे तोंड करून उभे आहेत. हा मात्र आतल्या नदीवरचा, सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखावर नजर ठेवणारा. १७०५ साली पोर्तुगिजांनी हे बेट भोसल्यांकडून घेतले आणि किल्ला नव्याने बांधला. चिऱ्याचा चौकोनी, आटोपशीर किल्ला आहे, तटावरून एक फेरी मारायला पंधरा मिनिटे पुरतात. नातू प्रथम थोडा हिरमुसला, कारण त्याच्या डोळ्यांसमोर पन्हाळा होता. पण तटाच्या तोफखिंडीतून खाली वाकून पाहिल्यावर नदीचे वळण नेमके चौकटीत बसलेले दिसते, तिथे तो बराच वेळ रेंगाळला. किल्ल्यात सावली नाही आणि पाण्याची सोय धरून चालू नये. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरते, तेव्हा वयस्क माणसांनी तटाच्या पायऱ्या चढण्याचा आग्रह सोडावा. मावशी खालीच झाडाखाली बसली आणि तिने तेवढ्या वेळात जपाची एक माळ पूर्ण केली.

तिथून डिचोली, मयेमार्गे नार्वे. या नावाने हमखास गोंधळ होतो, कारण मांडवीच्या पल्याड दिवाडी बेटावरही एक नार्वे आहे. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ बेटावरच्या नार्व्यात होते आणि आजचे देऊळ डिचोली तालुक्यातल्या नार्व्यात आहे. नकाशात नुसते नाव टाकाल, तर चुकीच्या काठावर पोहोचून समोर देवळाची दिशा आणि मध्ये नदी अशी अवस्था होईल. तालुक्याचे नाव जोडूनच शोधावे.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत होते आणि त्यांच्या नाण्यांवर या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख येतो. बेटावरचे देऊळ पोर्तुगिजांनी पाडल्यावर लिंग इकडे आणले गेले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ च्या नोव्हेंबरात आजच्या देवळाचे काम सुरू झाले, आणि तसे सांगणारा शके १५९० चा लेख दारावर आहे. एवढ्या मोठ्या घटनेची नोंद किती थोड्या ओळींत केली आहे, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. मी नातवाला तो अक्षर अक्षर लावायला सांगितला. ‘श्रीशिवराज्ञा’पर्यंत येताच त्याचा आवाज आपोआप खाली आला, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या दोन अनोळखी बायकाही थांबून ऐकू लागल्या. देवळाचा घुमट बसका आहे, समोर दीपस्तंभ आहे, भोवती झाडी आहे. २०२३ मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाल्यावर वास्तू नीटनेटकी झाली आहे. काहींना ती जरा जास्तच घासूनपुसून काढलेली वाटते, मला तसे वाटले नाही. इथे तासभर तरी राखून ठेवावा आणि पुढची घाई मनातून काढावी. गोकुळाष्टमीला मात्र नार्व्यात स्नानाची मोठी जत्रा भरते, त्या दिवशी गाडीने येण्याचा विचार करू नये.

नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला उतरलो. वास्तविक इथून फोंड्याला रस्त्यानेही जाता येते, पण लिंग ज्या नदीपलीकडे नेले ती नदी ओलांडायची हे मी आधीच ठरवले होते. फेरीबोटीबद्दल दोन गोष्टी सांगून ठेवतो. भाडे अगदी किरकोळ असते, पण सुटे पैसे हाताशी असावेत. ओहोटीच्या वेळी बोटीचा पत्रा धक्क्याला तिरका टेकतो आणि खाली बसक्या गाडीचे पोट घासते. आमचे घासले. तो आवाज ऐकून मावशीने देवाचे नाव घेतले आणि मी गॅरेजवाल्याचे. माणसे उतरवून, गाडी हलकी करून, अगदी सावकाश चढवली असती तर हा प्रसंग टळला असता. बेटावर कदंबकालीन कोटितीर्थ तळी अजून आहे, तिथे दहा मिनिटे थांबलो. मग बेट ओलांडून जुन्या गोव्याच्या फेरीला लागलो, तर आमच्या डोळ्यांदेखत बोट सुटली आणि पुढच्या रांगेत चाळीस मिनिटे गेली. वेळापत्रकात हा तास आधीच सोडून ठेवलेला बरा.

जुने गोवे या वेळी आम्ही गाडीतूनच पाहिले, पण एक गोष्ट नातवाला सांगितली. १६८३ मध्ये पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, संभाजी महाराज मदतीला धावून आले आणि विजरईला माघार घ्यावी लागली. त्याच नोव्हेंबरात मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला, तेव्हा गोवा शहर हातचे जाणार या धास्तीने विजरईने आपला अधिकारदंड सेंट झेवियरच्या शवाशी नेऊन ठेवला. ते शव असलेल्या जुन्या गोव्याच्या चर्चपासून बाणस्तारीचा पूल गाडीने काही मिनिटांवर आहे. पुलाखालची कुंभारजुव्याची खाडी हीच तेव्हाची सरहद्द, आणि ती ओलांडली की आपण अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या मुलखात, येतो.

मंगेशीला दीड वाजला. श्रीमंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून इथे आला, हे बहुतेकांना माहीत असते आणि देऊळही सर्वांच्या परिचयाचे आहे, त्यामुळे त्याविषयी फार लिहीत नाही. सोमवारी संध्याकाळी पालखी निघते, ती पाहायची असेल तर सगळा फेरा उलट दिशेने आखावा. जवळच्या शाकाहारी खानावळीत जेवलो. म्हार्दोळची महालसा वेर्ण्याहून आलेली. तिथला पितळी दीपस्तंभ आणि घंटा पाहाव्यात. घंटेसमोर खोटी साक्ष देण्याची कोणाची छाती होत नसे, अशी तिची ख्याती आहे. बाहेर एका बाईकडून मावशीने अबोलीचा वळेसर (गजरा) घेतला, भावात पाच रुपये कमी करून घेतले आणि मग दहा रुपये जास्त देऊन आली.

याच टप्प्यात आमची फजिती झाली. एका देवळाच्या दारात नातवाला अर्ध्या चड्डीमुळे थांबवले. पोशाखाच्या नियमाचा फलक ठळक होता, चूक सर्वस्वी आमची होती. सामानातली लांब पँट घरीच राहिली होती. शेवटी माझे उपरणे त्याच्या कमरेला लुंगीसारखे गुंडाळले. म्हणून किल्ल्यांसाठी काहीही घाला, पण गाडीत एक पायघोळ वस्त्र जरूर ठेवा. गाभाऱ्याजवळ फोन बाहेर काढू नये, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे.

सव्वाचारला फर्मागुढी, म्हणजे तोच फोंड्याचा किल्ला. इथे अपेक्षा माफक ठेवा. आदिलशाहीतला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७५ मध्ये जिंकला, पुढे संभाजी महाराजांच्या काळात त्याला मर्दनगड म्हटले गेले, पण मूळ बांधकाम नंतर पाडून टाकले गेले. आज दिसतात ती तटाची नवी भिंत आणि महाराजांचा पुतळा. दुपारच्या गोष्टीचे स्थळ म्हणून अर्धा तास थांबावे; दुर्गबांधणी पाहण्याची हौस असेल त्याने तो वेळ खोर्जुव्याला द्यावा.

कवळ्याला शांतादुर्गेपुढे साडेपाचला पोहोचलो. ही देवी केळशीहून आलेली आणि आजचे देऊळ अठराव्या शतकात, शाहू महाराजांच्या काळात, नारो राम मंत्री यांच्या पुढाकाराने उभे राहिले. उतरत्या उन्हात तळीच्या काठची दगडी पायरी गार झालेली असते. मावशी तिथे बसली ती आरतीपर्यंत उठली नाही, आणि आम्हीही उठवले नाही. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर शेवटचा मुक्काम असाच ठेवावा, जिथून पुढे कुठेही जायचे नसते.

कुणाला सकाळी लवकर निघणे जमले आणि फेरीला रांग लागली नाही, तर मिळालेल्या वेळात बांदिवड्याचे नागेशीचे देऊळ बसवता येईल. कवळ्याहून ते अगदी जवळ आहे, आणि सभामंडपातले रामायणातल्या प्रसंगांचे लाकडी कोरीवकाम उजेड असतानाच पाहायला हवे.