सगळे येईपर्यंत भाकरी टाकायची नाही

डिसेंबरचा शेवटचा रविवार माझ्याकडे कुणी मागत नाही. घरातलं लग्नकार्यसुद्धा त्या दिवसाला वळसा घालून जातं, कारण त्या दिवशी सिंहगडावर आमचं संमेलन असतं. आमच्या मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. शाळेतल्या मित्रांना परत जाऊन बघायला एखादी इमारत तरी असते. आमची ओळख झाली ती याहूच्या चॅटरूममध्ये, आणि त्या चॅटरूम २०१२ च्या डिसेंबरात बंद झाल्या. संमेलन मात्र चालूच आहे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पण आमच्यासारख्यांच्या हाताला ते लागलं १९९८ नंतर, खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि पेठापेठांतून सायबर कॅफे निघाले तेव्हा. वहीत नाव आणि वेळ लिहायची, प्लायवुडच्या कप्प्यात शिरायचं आणि एक डोळा घड्याळावर ठेवून बोलायचं. ज्यांच्या घरी मोडेम होता ते रात्री सगळे झोपल्यावर यायचे. दिवसा फोन अडवून ठेवला तर घरचे कसे खपवून घेणार? मोडेमची ती किरकिर थांबून लाइन लागली की कोण आनंद व्हायचा. मध्येच कुणी रिसीव्हर उचलला की बोलणारा अर्ध्या वाक्यात गायब. मग बाकीचे थांबायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तो परत आला की आधी त्याचं राहिलेलं वाक्य पुरं व्हायचं, मग पुढचा विषय. देवनागरीची सोय नव्हती. रोमन अक्षरांत मराठी लिहून आम्ही कडाकडा भांडलो, परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांना धीर दिला, नोकरी लागल्याची बातमी घरच्यांच्या आधी तिथे सांगितली.

पहिल्यांदा भेटलो ते २००० साली, बालगंधर्वच्या आवारात. कुणी कुणाचा फोटोही पाहिलेला नव्हता. आमच्यातली ताई धाकट्या भावाला सोबत घेऊन आली होती. घरच्यांची तीच अट होती, आणि त्या काळात ती रास्तच होती. पडद्यावर सगळ्यांत हजरजबाबी असणारा गडी समोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याला स्वतःचं नावही सलग सांगता येईना. तो बोलताना अडखळतो हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. त्याच्या तोंडचा शब्द कुणी पुरा केला नाही, कुणी नजर चुकवली नाही. लाइन तुटल्यावर थांबायचो तसेच थांबलो. तो सावकाश बोलत गेला, आणि आम्ही पोट धरून हसलो ते त्याच्या नेहमीच्या विनोदांना. आजही संमेलनात सर्वांत जास्त तोच बोलतो.

त्याच दिवशी पांढऱ्या केसांचे, इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आमच्याकडे येताना दिसले. रोज रात्री ज्याला आम्ही 'अरे काय रे' करत होतो तो आमचा मित्र म्हणजे निवृत्त झालेले काका! मुलगा परदेशी गेल्यावर ते संगणक शिकले होते. आम्ही घाईघाईने 'अहो काका' सुरू केलं, तर ते म्हणाले, "अरेच म्हणा. घरी आता अरे म्हणणारं कुणी उरलं नाही." शेवटपर्यंत आम्ही त्यांना अरे काका म्हणत आलो.

पुढच्या वर्षापासून सिंहगड ठरला. डिसेंबर यासाठी, की परदेशी गेलेल्यांना नाताळची सुट्टी मिळते. स्वारगेटहून बसने पायथ्याला उतरायचं, आतकरवाडीची वाट चढायची आणि वर पोचल्यावर आधी देवटाक्याचं गार पाणी प्यायचं. मग पिठलं-भाकरी, भरीत, खेकडा भजी, मडक्यातलं दही. नियम एकच आहे: शेवटचा माणूस वर येईपर्यंत भाकरी टाकायला सांगायची नाही. चुलीपाशी बसणाऱ्या मावशींना तो आता पाठ झालाय. "अजून कितीजण वाटेत?" एवढंच विचारतात आणि पीठ झाकून ठेवतात.

२०२० मध्ये गड चढता आला नाही. पुण्यात संध्याकाळचे साडेसात, न्यू जर्सीत सकाळचे नऊ. प्रत्येकाने आपापल्या घरी पिठलं केलं आणि फोनसमोर मांडलं. ताईची रेंज सारखी जात होती. ती परत येईपर्यंत एकानेही घास मोडला नाही.

काका गेल्यावर दुसऱ्याच डिसेंबरात काकू आल्या, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. त्या कधी संगणकापुढे बसल्या नव्हत्या. तरी कुणाला तिखट सोसत नाही, कुणाचं पहिलं लग्न मोडलं, कुणाच्या आईचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, सगळं त्यांना ठाऊक. काका रोज जेवताना आमच्याबद्दल त्यांना सांगत असत. माझ्या मते आमच्या मंडळाला मिळालेला हा सर्वांत मोठा मान आहे.

यंदा काकूंचे गुडघे कुरकुरताहेत, तेव्हा त्यांना गाडीने वाहनतळापर्यंत नेऊ. तिथून पुणे दरवाज्याच्या पायऱ्या चढताना ताई आणि तिचा भाऊ हाताला धरतील. न्यू जर्सीवाला आदल्या रात्रीच उतरतोय, त्यामुळे तो उशिरा पोचणार हे मावशींना आत्ताच कळवून ठेवलंय.