परतीच्या पावसात जालना ते धारूर: पिकअपला फोर-एच कधी टाकायचा

निघायच्या आदल्या रात्री मामांचा फोन आला. "भाचे, इकडं सांजच्याला दणकून पडलाय. पाणंदीत काल ट्रॅक्टर फसला होता. दोन दिवस दम धर." पण सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्याचं बियाणं वेळेत पोचायला हवं होतं आणि पुढचा आठवडा मला मोकळा नव्हता. तीस किलोच्या सोळा पिशव्या हौद्यात भरल्या, ताडपत्री आवळून बांधली आणि पहाटे जालना सोडलं.

अंबड, वडीगोद्री, शहागडला गोदावरी ओलांडून गेवराई, गढीला डावीकडे वळून माजलगाव, मग तेलगाव आणि धारूरचा घाट. गेवराईपर्यंत पाऊस कोसळत होता, तरी गाडी टू-एचलाच होती, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना जात होता. चहाला थांबलो तेव्हा एका ट्रकवाल्या भाऊंनी अगदी आपुलकीनं विचारलं, "फोर बाय फोर हाय ना? मग टाका की, पावसात पकड येईल." बऱ्याच जणांना असंच वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या पिकअपमध्ये, आणि थारसारख्या गाड्यांतही, जो फोर-व्हील ड्राइव्ह येतो तो पार्ट-टाइम असतो, म्हणजे लागेल तेव्हाच टाकायचा. फोर-एच टाकला, म्हणजे जोर पुढच्या चाकांनाही दिला, की ट्रान्सफर केस (जोर पुढं-मागं वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारा दांडा) एकमेकांना घट्ट जखडतो. मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतं, त्यामुळे दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. आता खळ्यावरची मळणी आठवा. तिवड्याजवळचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा, बैल जागच्या जागी पावलं टाकतो आणि पातीतल्या कडेच्या बैलाला जवळजवळ पळावं लागतं. वळणावर गाडीचंही तसंच होतं. पुढची चाकं मोठा फेर घेतात, मागची लहान. दोघांना सारखीच पावलं टाकायला लावली तर उरलेला फरक जिरवायला एकच वाट राहते, टायरनं थोडं घसरायचं. चिखलात, वाळूत, सुट्या मुरमात टायर घसरतो आणि हिशोब मिटतो. डांबरावर तो घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्टवर आणि गिअरवर साचत जातो. डांबर नुसतं ओलं असलं तरी हेच होतं.

म्हणून माझा नियम एकच आहे. चाकाला घसरायला जागा असेल तरच फोर-एच.

हा नियम मी खर्च करून शिकलो. गेल्या वर्षी याच पाणंदीतून निघाल्यावर फोर-एचचा नॉब परत फिरवायचा राहिला आणि तसाच केजपर्यंत गेलो. बाजारात वळताना स्टीअरिंग दगडासारखं जड झालं, गाडी अडखळत उड्या मारल्यासारखी चालायला लागली. टू-एच केलं तरी डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. तुमच्यावर अशी वेळ आली तर जोर लावू नका. सरळ रेषेत चार-पाच मीटर हळू रिव्हर्स घ्या, साचलेला ताण उतरतो आणि जोड सुटतो. माझा सुटला, पण पुढच्या शाफ्टचा जॉइंट खिळखिळा झाला होता, तो बदलावा लागला.

धारूरचा घाट अरुंद आहे, वळणं आखूड आहेत. भरल्या गाडीनं तो टू-एचमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर निवांत चढला. मागच्या चाकांवर पावणेपाचशे किलो असल्यावर ओल्या रस्त्यावरही पकड राहते. घाट संपल्यावर मामांचा फाटा येतो. तिथून पाणंद दीड किलोमीटर. पहिला अर्धा भाग मुरमाड, पुढं ओढ्याकाठची भारी काळी जमीन.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी होते. टायरच्या खाचा चार फेऱ्यांत बुजतात, मग चाक म्हणजे नुसता गुळगुळीत गोळा उरतो. अशा वेळी चारही चाकं फिरून काही होत नाही. म्हणून मी आधी खाली उतरतो. पहार घेऊन चाकोरीत आठ-दहा ठिकाणी टोचून पाहतो. वीतभर खाली मुरूम लागला तर गाडी जाते. पहार गुडघ्याएवढी गेली आणि तरी तळ लागला नाही, तर गाडी डांबरावर लावून बैलगाडी बोलवावी. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी वीतभरच गेली, फक्त ओढ्याच्या अलीकडे वीसेक पावलांचा तुकडा वाईट होता.

फोर-एच चिखलाच्या अलीकडे, घट्ट जागेवरच टाकायचा. मागचं चाक जागेवर गरागरा फिरत असताना नॉब फिरवणं म्हणजे गिअरवर घाव घालणं. मी मुरमावरच टाकला, दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा. वाईट तुकड्यात शेळ्या आडव्या आल्या म्हणून पाय उचलला आणि गाडी बसली. डावीकडचं पुढचं आणि उजवीकडचं मागचं चाक नुसतं फिरत होतं. 'चारही चाकं ओढतात' हे पूर्ण खरं नाही. डिफरन्शियल लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारी सोय) नसेल तर पुढचं एक आणि मागचं एक चाक सुटलं की गाडी अडते. रेटत बसलो असतो तर ॲक्सलपर्यंत रुतलो असतो. आपल्याच चाकोरीतून मागं आलो, मामांनी टायरपुढं बारदान टाकलं, आणि स्टीअरिंग थोडं डावं-उजवं हलवत दुसऱ्या झटक्यात निघालो. पऱ्हाट्या किंवा तुराट्या टाकायचा मोह टाळा. विळ्यानं तिरकी कापलेली खुंटं टायरच्या बाजूत घुसतात.

ओढ्यात उतरताना फोर-एल (चारही चाकांना जोर जास्त, वेग कमी), पहिला गिअर, ब्रेकवर पाय नाही. फोर-एल गाडी पूर्ण उभी करून, न्यूट्रलमध्येच टाकायचा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पाणी घोट्याएवढं होतं म्हणून उतरलो. गढूळ पाणी वेगानं वाहत असेल तर थांबायचं, तिथं कुठलाच ड्राइव्ह कामाचा नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना हौदा रिकामा होता, मामींनी दिलेल्या सीताफळांच्या दोन पाट्या तेवढ्या होत्या. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे आणि ही बालाघाटाच्या डोंगरातली, तेव्हा ती चेपू नयेत हीच मोठी काळजी. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. जाताना टू-एचमध्ये निघालेल्या मुरमाच्या चढावर येताना मागचं चाक सरकायला लागलं, तिथं फोर-एच लागला. फाट्यावर डांबर लागताच काढला. घाट उतरताना पुन्हा टू-एच, खालचा गिअर, कमी वेग. फोर-व्हीलमुळे ब्रेक लवकर लागत नाही, गाडी थांबायला तेवढंच अंतर घेते.

आणखी थोडं. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा, दोनच नवे टाकले तर सरळ रस्त्यावरही ताण साचतो. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर फोर-एच चालवा, आतलं तेल फिरतं. ट्रॅक्टरनं ओढून काढायची वेळ आली तर दोर टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) नको, चासीच्या हुकालाच बांधा, आणि दोराच्या आसपास कुणालाही उभं राहू देऊ नका.

गढी सोडल्यावर मोठ्या रस्त्यावर ऐंशीच्या पुढं स्टीअरिंग थरथरायला लागलं. अलाइनमेंट गेली असं वाटेल, पण काळी माती रिमच्या आत वाळून बसली की असं होतं. गेवराईला सर्व्हिसिंगवाल्याकडे चारही रिम आतून धुवून घेतले आणि थरथर तिथंच थांबली.