चूक

आमच्या सुतारकामाच्या धंद्यात बारीक खिळ्याला चूक म्हणतात. ‘चार चुका मार रे तिथे’ असं मी दिवसातून दहा वेळा म्हणत असेन, आणि त्यात कधी वेगळं काही ऐकू आलं नव्हतं. गेल्या मार्चपासून येतं.

काकूंचा वाडा पाडायला निघाला तेव्हा त्यांनी बिल्डरकडून एकच वस्तू भांडून घेतली, माजघराचं दार. दोन झडपा, जुनं सागवान, एका बाजूला उंचीखुणा. कुठल्या भाच्याच्या, कुठल्या मुलाच्या, आता कुणालाच माहीत नाही. त्याचं त्यांना जेवणाचं टेबल हवं होतं, साडेपाच फुटी, गौरी-गणपतीच्या आत. आमच्या गिऱ्हाइकांना सगळं कशाच्या तरी आत हवं असतं. गणपतीच्या आत, साखरपुड्याच्या आत, जावई यायच्या आत. लाकडाला हे कुणी सांगत नाही.

झडपा सोडवून पाच फळ्या मिळाल्या. पाच फळ्या म्हणजे चार सांधे. एरवी मी कडा टिंबर मार्केटातल्या मिलवर मारून आणतो, पण जुन्या दाराचं लाकूड बघितलं की मिलवाला हात जोडतो. आत एक खिळा राहिला की त्याच्या पात्यांचा सेट गेला. त्याला दोष देणार नाही. म्हणजे काम हातरंध्यावर आलं.

बाहेरच्या माणसाला रंधा म्हणजे रंधा. नवीन पोरांनाही तसंच. आयटीआयमधून येतात तेव्हा रंध्याचे भाग घडाघड सांगतात, पण चार रंधे पुढे ठेवून ‘या फळीला कुठला?’ विचारलं की जो हाताला हलका तो उचलतात. लोखंडी रंध्यांचे नंबर अमेरिकेच्या स्टॅनली कंपनीने रुजवले. रंधे बनवणाऱ्या लेनर्ड बेलीचा धंदा तिने १८६९ मध्ये घेतला, आणि दुकानात आजही त्याच नंबरांनी माल मागतात. चार नंबर साधारण दहा इंची, पाच नंबर चौदा, सात नंबर बावीस. नंबर वाढला की रंधा ‘भारी’ होतो असं गिऱ्हाइकालाच काय, दुकानदारालाही वाटतं. खरी गोष्ट तळाच्या लांबीची आहे. सहा इंची ठोकळा-रंधा फळीच्या टोकाला, जिथे रेषा आडव्या कापलेल्या असतात तिथे. चार नंबर शेवटच्या सफाईला. फळीची कड सांध्यासाठी सरळ करायची तर तिथे लांबच पाहिजे.

कारण सोपं आहे. कडेला दीड फुटाचा हलका खळगा असेल तर छोटा रंधा त्यात उतरतो, तळातून ढलपी काढतो आणि पलीकडे चढतो. रस्त्यावरच्या खड्ड्यात रिक्षाचं चाक उतरतं तसंच. तुम्हाला वाटतं अखंड ढलपी आली म्हणजे कड सरळ झाली. कड गुळगुळीत झालेली असते, सरळ नाही. लांब रंधा खड्ड्यावर टाकलेल्या फळीसारखा पडतो, फक्त उंचवटे खातो. आधी तुकड्या-तुकड्याने भुगा देतो, आणि ज्या वेळी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच ढलपी निघते त्या वेळी थांबायचं. आबांचा हिशोब होता: रंध्याच्या दुपटीएवढी फळी निर्धास्त, तिपटीपर्यंत हात पाहिजे, पुढे देवाचं नाव. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे जोडीदार. आता काम करत नाहीत, धायरीला असतात. साडेपाच फूट म्हणजे सहासष्ट इंच. बावीसची बरोबर तिप्पट.

पहिला सांधा मी सात नंबरवर केला आणि मलाच तो बघत बसावंसं वाटलं. दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटून शिकंज्यात धरायच्या, दोन्ही कडा एकदम मारायच्या. म्हणजे रंधा थोडा कलता झाला तरी एकीचा कल दुसरीच्या कलात मिसळून जातो आणि उघडल्यावर फळ्या सपाट येतात. दोन फळ्या एकेक इंची, मिळून दोन इंच. सात नंबरचं पातं सव्वादोन इंचाहून जरा जास्त, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडी जागा उरते. पाच नंबरचं पातं दोन इंचीच. त्याला जागाच नाही.

दुसऱ्या सांध्याच्या मध्यावर टक् झालं. हा आवाज सुताराला पोटात ऐकू येतो.

लोहचुंबक मीच फिरवला होता. तरी कडेच्या आत काळी पडलेली, डोकं तुटलेली एक चूक राहिली होती. पात्याला दीड मिलिमीटरची खाच. ती काढायची तर ग्राइंडरवर धार मागे न्यावी लागते, तीही घाई न करता, नाहीतर पातं निळं पडतं आणि पाणी उतरतं. मग दगड. एरवी तासाभराचं काम. पण त्या दिवशी गुरुवार, आणि पुण्यात राहणाऱ्याला गुरुवारचं सांगायला नको. पाचपर्यंत लाईट नव्हती. नुसत्या दगडावर घासायचं तर दुपार गेली असती.

मी पाच नंबर उचलला.

पोरगा माझ्याकडे तेव्हा आठ महिने होता, एकोणीस वर्षांचा. म्हणाला, “दादा, आबांचा लांब रंधा आणू का?” मी म्हटलं, “आणि तुझी दुपार कोण भरणार?” त्याने काही उत्तर दिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सायकल घेऊन गेला तो चारला उगवला, खांद्याला पोत्यात गुंडाळलेला आबांचा शिसवी रंधा. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

तोवर मी दोन सांधे करून चिकटवलेही होते. पुस्तकाची पद्धत पाच नंबरला जमत नाही, म्हणून कडा एकेक मारल्या. मग परीक्षा घेतली. एक फळी शिकंज्यात, दुसरी तिच्या कडेवर उभी करायची आणि वरचीचं एक टोक बोटाने ढकलायचं. मधे फुगवटा असेल तर ती भोवऱ्यासारखी मधल्यामध्ये फिरते. टोकं टेकलेली असतील तर फिरताना टोकांवर घासते, अडखळते. अडखळायला पाहिजे. आबा तर मुद्दाम मधे एक-दोन ढलप्या जास्त काढत, कागदाएवढा उजेड दिसेल इतकंच. फळीची टोकं आधी सुकतात, आधी आखडतात, म्हणून टोकांवर दाब जास्त हवा.

माझी फळी जराशी फिरली. मला दिसलं. मी फेविकॉल लावला आणि दोन्ही टोकांचे क्लॅम्प अर्धा फेरा जास्त आवळले. फट मिटली. क्लॅम्पने मिटणार नाही अशी फट मी अजून पाहिली नाही.

पोराने अर्धा तास नुसतं पातं बसवण्यात घालवला. लाकडी रंध्याला स्क्रू नसतो. पात्याच्या डोक्यावर हातोडीची टिचकी मारली की धार खाली, रंध्याच्या मागच्या अंगाला मारली की वर, आणि दर टिचकीनंतर पाचर पुन्हा दाबायची. त्याने रंधा उलटा करून डोळ्याला लावला, तळावरून नजर फिरवली, परत टिचकी. आबाही असेच बघायचे. पाचला लाईट आली. तोवर माझे दोन्ही सांधे सुकत आलेले. चौथा सांधा त्याने सातपर्यंत केला आणि फळी फिरवून मला दाखवली. अडखळली. मी ‘हं’ म्हटलं.

टेबल गौरींच्या आत पोचलं. काकूंनी त्यावर पहिलीच पानं सोळा भाज्यांची वाढली म्हणे.

मार्चमध्ये फोन आला. “अरे, टेबलाला फट पडली आहे, त्यात रवा अडकतो.” पोराला घेऊन गेलो. दुसरा आणि तिसरा सांधा, दोन्ही टोकांना, वीतभर लांब. एटीएम कार्ड जात होतं. पहिल्याला काही नाही. पोराने खाली वाकून प्रत्येक सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. चौथ्यावर नख कुठे लागलंच नाही. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, हे मात्र मी बघितलं.

काकूंनी विचारलं, “असं कसं झालं रे?”

मी म्हणालो, “जुनं लाकूड आहे काकू. हवा बदलली की हलतं.”

हे खोटं नाही. लाकूड हलतं. शंभर वर्षांचं सागवानही पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आखडतं. पण त्याच दाराच्या, त्याच खोलीतल्या पाच फळ्यांमधल्या दोनच सांध्यांना हवा लागली, हे काकूंना विचारायचं सुचलं नाही. सुचलं असतं तर काय म्हणालो असतो, ते मी अजून ठरवतोय. लाकडाच्या नावावर आमच्या धंद्यात किती खपतं, याची मोजदाद केली तर गिऱ्हाईक प्लास्टिकच्या टेबलांकडे जाईल.

काकूंनी पाकीट काढलं. मी पैसे नको म्हटलं. त्यांना ते इतकं भावलं की त्यांनी बहिणीला आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये सांगितलं, आणि मला त्यावरून दोन ऑर्डरी मिळाल्या. ‘फुकट करून दिलं हो, असा माणूस आजकाल कुठे.’ बहिणीच्या कपाटाचं माप घेताना हे वाक्य मी दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा टेपकडे बघत उभा राहिलो.

टेबलाची वरची बाजू वर्कशॉपला आणली, उलटी केली. खालच्या अंगाला प्रत्येक सांध्यापाशी पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात. पहिल्यापाशी ७. मग ५. मग ५. चौथ्यापाशी ‘आबा’.

मी विचारलं, हे कधी लिहिलंस? “तेव्हाच. मला लक्षात राहावं म्हणून,” म्हणाला, आणि क्लॅम्प सोडवायला लागला.

दोन्ही सांध्यांवरून करवत घातली, जुना फेविकॉल काढला. या वेळी लोहचुंबक त्याने फिरवला, दोनदा. सात नंबरला आदल्या रात्री धार लावून ठेवली होती. पुस्तकासारख्या फळ्या मिटल्या, एकेक अखंड ढलपी काढली, फळी फिरवली, अडखळली. टेबल पाव इंचाने अरुंद झालं.

गाडीत चढवायच्या आधी खालची बाजू पुसायला कापड घेऊन गेलो. त्याने आधीच दोन्ही पाचांवर काट मारून शेजारी सात लिहिले होते. ‘आबा’ तसंच. मी कापड खिशात घातलं.

काकू काही टेबल उलटं करून बघायच्या नाहीत.